पुढाऱ्यांवर पडलेल्या अक्षता

आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त भटजी काढतात आणि पुढारी मोडतात. पत्रिकेत दुपारची वेळ छापलेली असते, पण माईकवरचा निवेदक एकेकाला ‘शुभाशीर्वादाचे दोन शब्द’ बोलायला बोलावतो आणि ते दोन शब्द काही केल्या संपत नाहीत. तोवर मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या होतात. मी या भाषणांवर जन्मभर चिडत आले. नवरा म्हणतो, तुझ्या नाकाच्या शेंड्यावर राग. असेल बाई.

भाचीचं लग्न डिंगोऱ्याला होतं, माझ्या माहेरी. मुलगा फौजी, घोडेगावच्या वरल्या अंगाला डोंगरात भातशेती करणाऱ्या घरातला. हळद लागली आणि त्याच संध्याकाळी त्याला फोन आला. सीमेवर लढाई पेटली होती. सुट्टी रद्द, उद्या संध्याकाळी पुण्याहून गाडी धरायची. भटजी म्हणाले, दुपारचा मुहूर्त गाठला तर लग्न लावून जाईल, हुकला तर पुढचा थेट दिवाळीनंतर. तोवर सीमेवर काय होईल, कुणी सांगावं? भाचीनं माझा हात धरला आणि म्हणाली, “आत्या, लगीन तेवढं लागू दे. मग जाऊ दे त्यांना.” मी म्हटलं, लागणार म्हणजे लागणारच.

दुसऱ्या दिवशी नवरानवरी वेळेवर पाटावर उभी राहिली, मधे अंतरपाट धरला. मांडवाबाहेर जीप तयार होती. तेवढ्यात तालुक्यातले दोन मोठे पुढारी, एकमेकांचे हाडवैरी, मागोमाग आले. निवेदकाला काय, देव भेटल्याचा आनंद!

पहिल्यानं माईक हातात घेतला आणि नवऱ्यामुलाच्या खांद्यावर हात ठेवून सुरू झाला. ही लढाई देशाच्या अब्रूसाठी आहे, आमच्या नेत्यांनी छातीठोक निर्णय घेतला, वगैरे. दुसऱ्याला कुठलं राहवतंय? त्यानं माईकची दुसरी बाजू पकडली आणि म्हणाला की लढाई मतांसाठी आहे, निवडणुका आल्या की यांना सीमा आठवते. पहिला म्हणाला, तुमच्याच लोकांनी दुखणं अंगावर काढलं म्हणून आज ही वेळ आली.

मला हसू आवरेना. कारण काही वर्षांपूर्वी पारगावच्या एका लग्नात मी याच दोघांना ऐकलं होतं. तेव्हाही सीमेवर लढाई चालू होती, पण मतांसाठी लढाई म्हणणारा पहिला होता आणि देशाच्या अब्रूचं बोलणारा दुसरा. मधल्या काळात दोघं एकमेकांच्या पक्षात गेले. जाताना कारणं जुन्या घरातच ठेवून गेले, सामान तिथंच सोडून घरांची अदलाबदल करावी तसं.

पण भाचीकडं पाहिलं आणि हसू पळालं. ती रडत नव्हती, नुसती बाहेरच्या जीपकडं बघत होती. भटजी घड्याळ दाखवत होते. अंतरपाट धरणारे आळीपाळीनं हात बदलत होते. मी स्टेजवर गेले, माईक मागितला. एकानंही सोडला नाही. मग माझी सटकलीच. भाचीसाठी मी स्वतः रचलेलं मंगलाष्टक होतं, ते माईकशिवायच सुरू केलं. माझा आवाज म्हणजे शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारायचा. ‘सावधान’ म्हटलं आणि ओल्या मुठी उघडल्या.

अक्षता पडल्या त्या पुढाऱ्यांवर! नवरानवरीच्या पुढं तेच उभे होते ना. टोपीत, कॉलरमध्ये, उघड्या तोंडात. मंगलाष्टक चालू असताना कोण बोलणार? दोघं एकच माईक धरून गप उभे राहिले. पुढचा ताबा भटजींनी घेतला, अंतरपाट सरला, हार पडले. मुहूर्तावर लग्न लागलं. फोटोग्राफरनं सगळ्यात सुंदर फोटो काढला तो त्या दोघांचा.

जीपपाशी जावयाच्या केसात अजून तांदूळ होते. मी विचारलं, पावणं, खरं कारण काय हो या लढाईचं? तो हसला.

“आत्या, कारण तुमाला टीव्हीवर सांगतात. आमाला फकस्त कवा हजर व्हायचं त्ये सांगतात.”

जीप गेली. मी पदरानं भाचीचे डोळे पुसले आणि तिनं माझे.

लढाई थांबली आणि तो दिवाळीला धडधाकट घरी आला. पुढच्या निवडणुकीत त्या दोघा पुढाऱ्यांची युती झाली. घोडेगावच्या सभेत दोघांनी लढाईचं एकच कारण सांगितलं, आणि दोष तिथं नसलेल्या तिसऱ्याला दिला. मी तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, ‘यांचं लग्न आमच्याच मांडवात लागलंय.’

यंदा जावयाच्या धाकट्या भावाचं लग्न झालं. युतीतले दोघं पहिल्या रांगेत बसले होते. निवेदकाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं आधी फौजीलाच दोन शब्द बोलायला बोलावलं. लढाईवर बोला म्हणाला. जावई माईकपाशी गेला, घड्याळ पाहिलं.

“मुहूर्त झाला. अक्षता टाका.”

एवढं बोलून त्यानं माईक बंद केला आणि तो माझ्या हातात आणून दिला.