झिणझिणणारा नळ

लातुरात आमच्या गल्लीत पाणी आलंय हे कळायला नळ सोडावा लागत नाही. बोटं लावली की पुरे. लोखंडी पाइपाला झिणझिण्या आल्या म्हणजे कुणीतरी मोटर चालू केली, म्हणजे पाणी सुटलं. औशाहून लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला ही विद्या कौतुकानं शिकवली होती. "उलट्या हातानं लाव माय. सुलट लावलीस तर चिकटतीस." म्हणजे चिकटतं हे ठाऊक होतं, तरी गल्लीभरच्या बायका नळाला हात लावतच होत्या. माझं तेव्हाही डोकं फिरलं होतं.

शेजारच्या काकांची मोटर तर बघण्यासारखी. पाणी भरून झालं की ती तिथंच, नळाच्या खड्ड्यात, ओल्या पोत्याखाली आठवडाभर पडून. वायरला जोडावर जोड, वरून दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलेलं. पिन कधीच मोडलेली, म्हणून नागड्या तारा सॉकेटात घालून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेल्या. अर्थिंगची तार तर छाटूनच टाकलेली. मी कितींदा म्हटलं, काका, मोटर पुसून घरात कोरड्या जागी ठेवा, वायर बदला, तिसरी तार जोडा. ते हसायचे. "तिसरी तार शोभेची असती पोरी. दोनावरच मोटर लई पाणी ओढती."

आमच्या घरात नवऱ्यानं सगळं नीट करून घेतलं होतं. नीट झालं म्हणून त्याला वाटलं, विषय संपला. "आपली मोटर चांगली हाय ना? मग शेजाऱ्याशी कशाला वाकडं घ्यायचं?" गल्लीभर लोखंडी पाइप एकच आहे, शेजारचा करंट आपल्याही नळात उतरतो, हे त्या शहाण्याच्या डोक्यात शिरेना.

यंदा उन्हाळ्यात सासूबाई आंघोळ करून ओल्या पायांनीच आमच्या नळाच्या खड्ड्यात उतरल्या. उतरताना तोल गेला आणि आधाराला त्यांनी नळ मुठीत धरला. ओरडल्याही नाहीत. दात आवळलेले, डोळे ताणलेले. मी धावत जाऊन मेन स्विच खाली पाडला. पंखा थांबला, फ्रिज बंद पडला, आणि त्या तशाच चिकटलेल्या. तेव्हा कळलं, करंट आमचा नव्हताच. स्वयंपाकघरातला कोरडा लाकडी पाट उचलला, पायांत चपला होत्याच, आणि त्यांच्या कोपरावर जीव खाऊन मारला. हात सुटला. तळवा भाजला होता, मनगट सुजलं, पण श्वास चालू होता.

गल्ली जमली. काका पुढं आले आणि म्हणाले, "नळ असा मुठीत धरत्यात का कुणी?" चारचौघांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मरता मरता वाचलेल्या बाईचीच चूक काढत होते. मी तडक त्यांच्या घरात शिरले, बटण बंद केलं, काड्यांसकट तारा उपटल्या आणि त्यांच्या पायाशी टाकल्या. "काका, माझी सासू मेली असती तर तिरडीला पण असाच जोड लावला असता का?" नवरा तेवढा हळूच म्हणाला, "मोठ्यांशी असं बोलत्यात व्हय?" त्याच्याशी मी पुढं बरेच दिवस बोलले नाही.

प्लंबरला बोलावून आमच्या लोखंडी पाइपाचा मधला तुकडा कापला, तिथं प्लास्टिकचा बसवला. आता बाहेरचा करंट आमच्या नळापर्यंत येत नाही.

पुढच्या पाण्याच्या वेळेपर्यंत शेजारी काड्या परत बसल्या होत्या. सासूबाईंच्या उजव्या हाताला पट्टी. मी बादल्या आणायला आत वळले तेवढ्यात त्यांनी वाकून डावा हात नळाला लावला. उलटा. मग भिंतीपलीकडं काकूंना हाक मारली.

"अगं, हिनं प्लास्टिक बसवल्यापासून आमच्या नळाला काहीच कळंना. तुझ्या नळाला हात लावून बघ की, पाणी आलंय का."

काकूंनी लावला. "व्हय, आलंय," त्या म्हणाल्या. "लई झिणझिणायलंय आज."