पटाच्या बैलांची तपासणी

शंकरपटाच्या शर्यतीत बैल दारू पिऊन धावले तर ती रीत, आणि आमचे नुसतं पाणी पिऊन धावले तर त्यांची तपासणी! इतकी वर्षं झाली, पण आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सेलूजवळच्या आमच्या गावच्या पटात बाबांच्या जोडीनं पहिला नंबर मारला. हरलेल्या व्यापाऱ्यानं ओरड केली, "बैलांले इंजेक्शन टोचलं!" आरोप खरा ठरला असता तर जोडी पटातून कायमची बाद. पंच विचारात पडले. तेव्हा पुढे सरसावली कोण? वर्ध्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारी, दोन वेण्या उडवणारी मी!

"मुंबईले शर्यतीच्या घोड्यांचं मूत्र तपासतेत. बैलांचं द्या माझ्याजवळ, आमच्या लॅबमधी सारं निघते."

लॅबमध्ये तोवर मी लिटमसचा कागद लाल करण्यापलीकडे काही केलं नव्हतं. पण ऐट अशी, की बैलांनीही उठून नमस्कार करावा!

पंचांनी स्वतः बाटली भरली, तोंडाला फडकं बांधलं. सकाळच्या एसटीनं न्यायची म्हणून मी ती भिंतीतल्या देवळीत ठेवली. सकाळी वेण्या घालून येते, तर बाटली रिकामी आणि आई दारात काहीतरी शिंपडतेय.

"आई वं, काय करून राह्यली?"

"तुह्या चुलतीच्या बाळंतपणाचं सोयर फिटलं नं आज. देवळीत गोमूत्र दिसलं, शिंपडलं घरभर."

"अवं, ते बैलाचं होतं! तपासाले!"

"मंग सांगतलं काऊन नाई? मोठी आली कॉलेजवाली!"

बाबा तसेच पंचांकडे धावले. "बैल दावणीलेच हायेत. आत्ता पुन्हा घ्या."

"रातभरात औषध उतरलं असन. तुम्ही तर पुरावाच उडवला," पंच म्हणाले.

माझा तोल सुटला. "त्या व्यापाऱ्याच्या जोडीले तुमच्यासमोर बांबूच्या नळीनं मोहाची दारू पाजली! ते कोण तपासन?"

"ते थंडीसाठी पाजतेत, पोरी. दारू का औषध हाय?" आणि सगळे हसले. हसले!

नंबर व्यापाऱ्याच्या जोडीला गेला. आमची जोडी बाद. पुढे तिनं फक्त वखर ओढला. पटाच्या मैदानावरून शेतात जाताना दोघंही कान टवकारून पाय उचलायचे, आणि बाबा मान खाली घालून कासरा आखडून धरायचे.