सॉनाची पाळी आणि ओइवाचं नाव

ओइवा हाकालाच्या निरोपसमारंभात एकूण तीन वाक्यं बोलली गेली आणि त्यांतली दोन केकबद्दल होती. तिसरं साहेबांचं. साहेब उठले, खिडकीबाहेर पाहिलं, म्हणाले, "बरं, मग." फिनलंडातल्या हाउकिसाल्मी गावात याला भाषण म्हणतात. नंतर सगळ्यांनी कॉफी घेतली, पुन्हा एकदा घेतली आणि ओइवाच्या हाती गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायचं गिरमिट दिलं. ओइवाने जन्मात मासा धरला नव्हता. पण नगरपालिकेच्या भाडेघरांच्या कचेरीत निवृत्त होणाऱ्या प्रत्येक पुरुषाला गिरमिटच मिळतं आणि बाईला लोकरी शाल. ही पद्धत बदलायची तर कोणीतरी तोंड उघडायला हवं, आणि तसं कोणी उघडत नाही.

ओइवा या कचेरीत संगणकांचं काम बघायचा. कचेरीचे संगणक बिचारे साधे, पण एक वेब सर्व्हर होता, त्यावर साऱ्या भाडेघरांच्या सॉनाच्या पाळ्या चालत. प्रत्येक इमारतीच्या तळघरात, ओइवा राहायचा तिथेही, एक सॉना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली. भाडेकरूंनी फोनवरून आपली वेळ धरायची, मग सॉनाच्या दाराजवळच्या छोट्या पडद्यावर त्यांचं नाव झळकायचं. लग्न मोडलेलं इथे चालतं, सॉनाची पाळी मोडलेली चालत नाही. हाउकिसाल्मीतली दोन घटस्फोटित माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हती, तरी बुधवारची पाळी कोणाकडे राहील याचा करार त्यांनी वकिलाकडून करून घेतला होता.

हा सर्व्हर म्हणजे ओइवाचा गावातला सर्वांत बोलका परिचित. बाकी शेजारी असे, की जिन्यात पावलं वाजली तर आधी दाराच्या भोकातून बघणार आणि बाहेरचा माणूस गेला की मगच कुलूप काढणार. सर्व्हरचं तसं नव्हतं. तो जे होईल ते नोंदींत लिहून ठेवी. अमुक सेवा सुरू झाली, तमुक बंद पडली, डिस्क भरत आली आहे, घड्याळ जुळवून घेतलं. ओइवा रोज सकाळी कॉफी घेऊन तो लॉग उघडायचा, जसा एखादा माणूस म्हाताऱ्या मावशीच्या तक्रारी ऐकायला बसतो. तांबडी खूण दिसली की म्हणायचा, "काय गं, आज काय दुखतंय?" नऊपैकी आठ वेळा मावशीला काहीच झालेलं नसे, तिला फक्त सांगायचं असे. ओइवाला ते पुरेसं होतं. घरी त्याला सांगणारं कोणी नव्हतं आणि विचारणारंही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी तो नेहमीसारखा उठला, दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला, कॉफी ओतली आणि टेबलापाशी बसून भिंतीकडे बघत राहिला. भिंतीला काही झालं नव्हतं. दुपारी फोन वाजला. ओइवाने तो असा झडप घालून उचलला, की गिरमिट टेबलावरून खाली पडलं. वीज विकणारा कोणी मुलगा होता. ओइवाने त्याला त्याच्या कंपनीचे दर विचारले, मग त्याचं गाव विचारलं, तिकडे बर्फ पडला का ते विचारलं. शेवटी त्या पोरानेच "मला आता ठेवायला हवं" म्हणत सुटका करून घेतली. फिनलंडात वीजविक्रेत्याने स्वतः फोन ठेवल्याची घटना दुर्मीळच.

कचेरीतून मात्र फोन येईना. ओइवाला यायला हवा होता. तो स्वतःशीच कबूल करत नव्हता, पण शर्ट रोज स्वच्छ घालत होता.

आणि इकडे तळघरात काय चाललं होतं ते त्याला दोन दिवस कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तो कचरा टाकायला खाली गेला, तर सॉनाच्या दाराजवळचा पडदा काळा. आत शेगडी वेळापत्रकाप्रमाणे आपोआप पेटलेली, तिच्यावरचे दगड तापून लाल, बाकांवर माणूस नाही. शेजारची आजी खांद्यावर टॉवेल टाकून दाराशी उभी होती. ओइवाला बघताच ती टॉवेल पाठीमागे लपवत म्हणाली, "मी अशीच आले होते."

"आत कोणी नाहीये," ओइवा म्हणाला.

"पण पाळी कोणाची असेल तर?"

हाच प्रश्न साऱ्या गावाला पडला होता. पडद्यावर नाव नाही म्हणजे पाळी कोणाची तरी असणारच, आणि ती आपली नसावी. म्हणून सगळ्या इमारतींत तापलेल्या सॉना रिकाम्या पडल्या होत्या आणि भाडेकरू आपापल्या घरात मोरीतल्या नळाखाली, मान खाली घालून आंघोळ उरकत होते. तक्रार एकानेही केली नाही. तक्रार करायची तर फोन करावा लागतो.

ओइवा वर आला, शर्टाला इस्त्री केली आणि वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. कचेरीच्या आस्थापना विभागातली मिर्या होती, त्याच्याच वयाची, एकाच वर्षी नोकरीला लागलेली.

"ओइवा, मी त्रास तर देत नाही ना?"

"नाही गं."

"मासे धरायला निघाला असशील."

"नाही."

"नाही म्हणजे, तू आता मोकळा माणूस. तुला कशाला बोलवायचं, असं सगळ्यांना वाटत होतं. पण ते सॉनाचं बंद पडलंय. तीन दिवस झाले. मी म्हटलं, उद्या बघू. मग उद्या झाला, तरी म्हटलं..."

"येतो," ओइवा म्हणाला तेव्हा कोट आधीच अंगात होता.

दारावर त्याला पाहुण्याचा बिल्ला लावावा लागला. बिल्ल्यावर 'पाहुणा' एवढंच, नावसुद्धा नाही. त्याच्या जागी आलेली साइला चाळिशीची, हुशार, शांत. इतकी शांत, की तिच्या मुलाखतीत समितीला तिची उत्तरं ऐकायला खुर्च्या पुढे ओढाव्या लागल्या होत्या. तिने आपली खुर्ची त्याला दिली, स्वतः एक स्टूल घेतलं, आणि म्हणाली, "लॉग उघडूनच ठेवलाय."

ओइवाने आधी पाळ्यांच्या अॅप्लिकेशनचा स्वतःचा लॉग बघितला. त्यात काहीच नव्हतं, म्हणजे ते सुरूच झालेलं नव्हतं. जो जन्मलाच नाही तो रडणार कुठून? मग त्याने यंत्रणेच्या नोंदी उघडल्या. त्याच्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून तांबड्या खुणांची रांग लागलेली. सर्व्हर अॅप्लिकेशन अधूनमधून झोपवून पुन्हा उठवतो, तसा त्या दिवशी उठवायला गेला. पण ज्याच्या नावावर ते चालायचं त्या माणसाचं खातं बंद. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी त्याने हात टेकले आणि बाहेरच्यांना एकच उत्तर देऊ लागला: सेवा उपलब्ध नाही.

ते बंद खातं कोणाचं? नोंदीत ठळक लिहिलं होतं: हाकाला, ओइवा.

ओइवाला आठवलं. बारा वर्षांपूर्वी, नाताळच्या तोंडावर, घाईघाईत त्याने अॅप्लिकेशन स्वतःच्याच खात्यावर चढवलं होतं. तात्पुरतं. संगणकांच्या जगात तात्पुरतं म्हटलेल्या गोष्टीला मरण नसतं. दर तीन महिन्यांनी कचेरीच्या नियमाप्रमाणे त्याचा पासवर्ड बदले, मग तो इथेही बदलावा लागे. ते तो इतका बिनबोभाट करायचा, की आपण काही करतो हे तोही विसरला होता. आणि निरोपाच्या दिवशी त्याचा केक संपता संपता मिर्याने तत्परतेने त्याचं खातं बंद केलं. मिर्या बशी विसळून ठेवायच्या आधी माणसाचं खातं विसळून ठेवते.

इलाज दोन होते. एक, अॅप्लिकेशनला त्याचं स्वतःचं, कोणाच्याही नावाचं नसलेलं खातं द्यायचं. मग ते कोणावाचून अडणार नाही. दुसरा, ओइवाचं खातं उघडून घ्यायचं. हा पाच मिनिटांचा. मात्र मग दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला ओइवाला बोलवावं लागणार. बिल्ला, खुर्ची, कॉफी, वेलचीचे गोड पाव. वर्षातून चार वेळा.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाला, "मिर्याला म्हणावं, माझं खातं उघड. हे असंच चालतं."

साइलाने विचारलं, "असंच?"

"असंच."

खातं उघडलं, अॅप्लिकेशन उठलं, लॉगमध्ये निळी खूण आली. गावभर तळघरांतले पडदे उजळले असणार. मिर्याने टाळ्या वाजवल्या, म्हणजे एक टाळी वाजवली आणि लाजून थांबली. कॉफी आली, पाव आले. ओइवाने दोन खाल्ले. आपण जगात सर्वांत उपयोगी माणूस आहोत असं त्याला दुसऱ्या पावापर्यंत वाटत होतं.

"बघ की," मिर्या साइलाला म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, ओइवाला एका नजरेत सापडेल?"

"सापडायचं तर पहिल्याच दिवशी सापडलं होतं," साइला कपाशी बोलली. "नाव समोरच लिहिलेलं."

"मग तेव्हाच नीट का नाही केलंस गं?" मिर्या कळवळली. "माणसं नळाखाली आंघोळी करतायत!"

"नाव ओइवाचं. त्याच्या माघारी कसं काढायचं? बरं दिसत नाही. आणि विचारायला फोन करावा, तर चारच दिवस झालेले..." ती थांबली. मग ओइवाकडे न बघता म्हणाली, "आज तू म्हणालास, असंच चालतं. मला वाटलं, तुला ते तिथे राहायला हवं असेल. राहू दे. मला काही अडचण नाही. मी तीन महिन्यांनी फोन करेन."

ओइवाचे कान तापले. तिला सगळं ठाऊक होतं. आणि ती त्याला भीक घालत होती, तीही इतक्या सभ्यपणे, की नको म्हणायलाही तोंड वर करता येईना. वर्षातून चार वेळा ही बाई फोन उचलणार, 'त्रास देत नाही ना' विचारणार, पाव मागवणार आणि एक पाच मिनिटांचं काम म्हाताऱ्यासाठी राखून ठेवणार.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"नाव. चल, काढून टाकू. तू कर, मी स्टुलावर बसतो."

साइलाने नवं खातं बनवलं. त्याला काय नाव द्यायचं ते तिने विचारलं. "सॉना," ओइवा म्हणाला. "आणखी काय असणार?" तिने हव्या तेवढ्याच परवानग्या दिल्या, अॅप्लिकेशन त्यावर चढवलं, थांबवून पुन्हा सुरू केलं. लॉगमध्ये एक निळी ओळ उमटली, त्यात ओइवाचं नाव नव्हतं. बारा वर्षांत पहिल्यांदा. दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे जाते, तसं त्याला वाटलं. मिर्याने त्याचं खातं पुन्हा बंद केलं आणि या वेळी आधी "करू ना?" असं विचारलं.

"चालतंय का ते बघायला एक पाळी धरून बघ," साइला म्हणाली. "भाडेकरू म्हणून तुझ्याच नावाने. नंतर मी पुसून टाकते."

ओइवाने आपली इमारत निवडली. रिकाम्या वेळा खालोखाल दिसू लागल्या. शुक्रवारी संध्याकाळी पुरुषांची सामायिक पाळी होती, कोणीही यावं अशी. तिथे तो आजवर गेला नव्हता. तिथे माणसं असतात. त्याने त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"दिसतंय," साइला म्हणाली. "पुसू?"

ओइवाने बिल्ला काढून टेबलावर ठेवला, कोट घातला. "असू दे," तो म्हणाला आणि जाताना उरलेला पाव उचलला.

शुक्रवारी सॉनात तीन जण होते. वरच्या बाकावर दोघे, एकमेकांपासून जितकं दूर बसता येईल तितके दूर. मधल्या जागेत ओइवा. एकाने दगडांवर पाणी ओतलं, वाफ चटकन वर चढली आणि तिघांनी माना खाली घातल्या.

"बंद पडलं होतं म्हणे ते," उजवीकडचा म्हणाला.

"हो."

"काय झालं होतं?"

ओइवाने घाम पुसला. मग त्याने सांगायला सुरुवात केली, अगदी बारा वर्षांपूर्वीच्या त्या नाताळापासून. ते दोघे ऐकत होते की नाही कोण जाणे, पण उठून कोणी गेलं नाही.