‘होऊन राह्यलं’ म्हणजे काय?

“नाझियाला या प्रोजेक्टवरून काढतोय,” अभिजित फोनवर म्हणाला. “शुक्रवारी तुम्हीच तिला सांगा.”

अभिजित आमच्या पुण्याच्या ऑफिसातला प्रोजेक्ट मॅनेजर. खामगावच्या छोट्या शाखेत क्वालिटी बघायचं काम माझं. नाझिया इथली डेव्हलपर, पिंपळगाव राजाहून रोज ये-जा करणारी. तिच्या घरातली ऑफिसची ही पहिलीच नोकरी. मला काही पटेना.

“काऊन काढतो बाबा?”

“काम सरकतच नाही. रोज स्टँडअपला विचारतो, रोज एकच उत्तर, राहिलं. मग तिचे बग दुसऱ्या डेव्हलपरला, रोहितला द्यावे लागतात.”

स्टँडअप म्हणजे सकाळचा छोटा कॉल. कोणाचं काम कुठवर आलं, एवढंच सांगायचं. बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं आमचं ॲप तेव्हा बगांनी बेजार झालं होतं. एक दुरुस्त केला की दुसरीकडे बिघडायचं. शोधलं तर एकाच बगवर नाझिया आणि रोहित दोघांचा कोड. एकाच भाजीत दोघींनी मीठ टाकल्यासारखं.

नाझियाला विचारलं, “तुझं काम रोहितकडे जाते, तू बोलत काऊन नाही?”

“काय बोलू सर? मी करूनच राह्यली असते, अन् अभिजित सर ते उचलून त्याले देतात. मले वाटते, माह्यावर भरोसाच नाही त्याईचा.”

तिचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडअपला मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

“नाझिया, लॉगिनच्या बगचं काय?” अभिजितने विचारलं.

“होऊन राह्यलं सर.”

स्क्रीनवर त्याने तिच्या कामाचं कार्ड ‘पेंडिंग’मध्ये सरकवलं. “रोहित, हे तू घे.”

मी कपाळावर हात मारला. “अभिजित, थांब. ती काय म्हणाली?”

“व्हायचं राहिलं म्हणाली ना.”

“अरे बाबा, आमच्याकडे ‘होऊन राह्यलं’ म्हणजे होतंय. आत्ता, या घडीला चालू आहे!”

अभिजित माणूस वाईट नव्हता. त्याचा आवाज एकदम उतरला. “म्हणजे इतके दिवस मी हिच्या हातातलं काम काढून घेत होतो? सॉरी, नाझिया.”

“चालते सर,” ती म्हणाली. “पण लॉगिनचा बग वापस द्या.”

त्या दिवसापासून कार्ड ज्याचं त्यानेच सरकवायचं, असं ठरलं. डबल काम थांबलं, बग आटोक्यात आले. नाझिया टीममध्येच राहिली.

एक गोष्ट मात्र पुढे आलीच. हेड ऑफिसने नाझियासाठी ‘कम्युनिकेशन ट्रेनिंग’ सुचवलं होतं. मी कळवलं, ट्रेनिंग जरूर ठेवा, पण ऐकणाऱ्यांसाठी. बोलणाऱ्याची परीक्षा सगळेच घेतात.