हवेत लटकलेल्या विटा

अमेरिकेतल्या एका घराच्या विटा मी दोन दिवस हवेत लटकवून ठेवल्या होत्या, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. ते घर अजून संगणकातच होतं, म्हणून कुणाला काही झालं नाही. माझी नोकरी मात्र जाता जाता राहिली.

तेव्हा मी नांदेडच्या एका छोट्या ऑफिसात नवीन होते. तिकडचे नकाशे यायचे आणि आम्ही ती घरं सॉफ्टवेअरमध्ये पायापासून छपरापर्यंत उभी करायचो. मला चाचणीसाठी तीन घरं दिली होती. तिन्ही पास झाली तर नोकरी पक्की, नाहीतर परत लातूर. लातूरला मी चार वर्षं कोचिंग क्लासच्या हॉलचे आणि मुलींच्या होस्टेलांचे नकाशे काढत होते. एका खोलीत किती खाटा कोंबता येतात, इथे माझं सगळं शास्त्र सुरू होऊन तिथेच संपायचं. त्याआधी त्यातल्याच एका क्लासात डॉक्टर व्हायला गेले होते आणि दोनदा सपाटून आपटले होते.

पहिली दोन घरं बिनबोभाट पास झाली. तिसरं विटांचं होतं. म्हणजे दिसायला विटांचं. आत लाकडी भिंत आणि तिच्या बाहेरून विटांचा एकच थर, शोभेपुरता. हा थर कशावर तरी टेकायला हवा, म्हणून तिकडे पायाच्या काँक्रीट भिंतीचा माथा बाहेरच्या अंगाने कापून तिथे एक पायरी ठेवतात. तिला ब्रिक लेज म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये तिची रुंदी आणि उंची असे दोन आकडे भरले की ती आपोआप तयार होते. एवढं सोपं काम बिघडवायला अंगात हुशारी लागते, आणि ती माझ्यात उतू चालली होती.

कारण मी भूकंप पाहिलेली. भूकंपानंतर आमच्याकडे जो तो इंजिनिअर झाला. पानटपरीवाला सुद्धा गिऱ्हाइकाला जोत्यावर सळयांचा पट्टा टाकायला सांगायचा. पाया कापा, असं लातूर जिल्ह्यात कुणी थट्टेतही बोलत नाही. त्यामुळे नकाशात पायाला खाच पाहिली आणि मला त्या अमेरिकनाची दया आली. मोठ्या मनाने मी त्याची चूक दुरुस्त केली. दोन्ही आकडे शून्य केले, पाया वरपर्यंत सरळ नेला, त्यावर पट्टा टाकला आणि शेजारी इंग्रजीत टीप लिहिली की आमच्या भागात असं मजबूत समजतात. नकाशाच्या कोपऱ्यात काढणारा आणि तपासणारा असे दोन रकाने होते. दोन्हीत मी माझीच आद्याक्षरं टाकली. माझ्याहून वरचढ तपासणारं कुणी मला दिसत नव्हतं.

तो रविवार होता आणि मी घरीच काम करत होते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाबा औशाहून आले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, उघड्या डोळ्याने ते माझ्या मागून स्क्रीनकडे बघत बसले होते. बाबा गवंडी. औशाकडच्या खेड्यांत त्यांनी दगडमातीची कितीतरी घरं बांधली होती, हातहातभर जाड भिंती आणि त्यांच्यावरच टेकलेलं मातीचं माळवद. भूकंपात त्यातलं एक घर पडलं आणि आतल्या सासू-सुना दोघी गेल्या. त्यानंतर बाबांनी थापी हातात धरली नाही. लातूरच्या एका होस्टेलवर ते वॉचमन झाले आणि त्या पगारावर त्यांनी मला शिकवलं. भिंतींचा विषय ते घरात कधी काढत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

त्या दिवशी त्यांनी काढला.

"ही ईट कशावर बसून राहिली, माय?"

मी मानही न वळवता सांगितलं की हे अमेरिकेचं आहे, तुम्हाला नाही कळायचं. मी त्यांच्या डोळ्यात थेंब टाकले, चहा केला आणि फाइल पाठवून दिली. फार समाधान वाटलं.

मंगळवारी फाइल तिकडून परत आली. माझ्या टिपेवर आडवी रेघ होती. विटांभोवती लाल गोल काढून खाली एकच प्रश्न विचारला होता, ही वीट कशावर बसली आहे? मी स्क्रीनवर घर उभं कापून पाहिलं. लेजचे आकडे शून्य होताच सॉफ्टवेअरने पायाची बाहेरची कडा आत ओढली होती. पाया लाकडी भिंतीखालीच संपत होता आणि विटांचा थर त्याच्या बाहेर, चारही बाजूंनी अधांतरी. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की काढणारा आणि तपासणारा एकच नसतो, जाणकाराकडून तपासून घ्या, आणि ही शेवटची संधी समजा.

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं की तुम्ही विचारलं तेच त्यांनी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझी कोचिंगची जुनी गाइडं मागितली. बायोलॉजीचं जाडजूड आडवं ठेवलं, त्याच्या आतल्या कडेला फिजिक्स उभं केलं आणि बाहेर उरलेल्या जागेत एक पातळ वही टेकवली. एवढी जागा सोडायची, म्हणाले. त्या गाइडांचा मला झालेला हा पहिला उपयोग.

मग मी त्यांना सांगितलं की छताचा भार विटांवर नसतोच, आतल्या लाकडावर असतो. त्यांनी थेंबांचं खोकं उचलून फिजिक्सच्या डोक्यावर ठेवलं आणि बोटाने वही ढकलली. वही पडली. खोकं जागच्या जागी राहिलं.

"म्हंजे ईट पडली तरी छत पडत न्हाई," ते म्हणाले. पडलेली वही उचलून पुन्हा जागेवर टेकवत म्हणाले, "असं आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

त्यांना तोडून बोलल्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी लेजचे दोन आकडे भरले आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात बाबांची आद्याक्षरं टाकली. घर पास झालं, नोकरी पक्की झाली. नकाशाचा कागद मी घरी आणला. बाबांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. ही दोन अक्षरं तुमची, मी कोपऱ्यावर बोट ठेवून सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला.

"खोड ते. भिंत पडली तर माझं नाव लागंल."

"ईट पडली तरी छत पडत नाही, बाबा. तुम्हीच म्हणालात."

त्यांनी कागद खिडकीपाशी नेला. पायाची ती पायरी दोन्ही डोळ्यांनी नीट बघितली, वरून बोट फिरवलं.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले.