हुस्नबानोनं पुसलेली चकाकी

चकाकत नाही ती वस्तू अर्धवट, असं तुम्हीही मानता की नाही? खरं सांगा. मग हुस्नबानोला हसायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

मलकापुरात स्टेशनच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये ही बाई प्लास्टरच्या मूर्ती ओतते. शेगावच्या दुकानांतल्या कितीतरी लहान मूर्ती तिच्याच साच्यातल्या. मूर्ती साच्यातून काढायची, सांध्याची रेघ घासायची, रंगवायची, आणि शेवटी वार्निश. वार्निश नसलं की दुकानदार माल परत धाडतो.

तिच्याकडे एकदा सुलभाताई आल्या. निवृत्त मास्तरीण. पदराखाली चिनी मातीची वीतभर बाहुली, मेंढपाळ पोरगी, दुधासारखी पांढरी, एक हात मनगटातून तुटलेला. ताईंच्या आजेसासऱ्यांना कापसाच्या फ्रेंच व्यापाऱ्यानं दिलेली. सासूबाई, सरस्वतीबाई, आता पार आंधळ्या. रोज तिन्हीसांजेला बाहुली मांडीवर घेऊन चाचपत बसायच्या. एकदा बाहुली पडली, तिच्या हाताचा चुरा झाला, आणि म्हातारीनं जेवणच टाकलं.

हुस्नबानोनं हात असा घडवला की बघत राहावं. मग सवयीनं सगळ्या अंगावर वार्निश मारलं आणि मोठ्या ऐटीत बाहुली पोचवायला स्वतः गेली.

म्हातारीचं बोट गालावर टेकलं अन् थबकलं.

"ही माही पोरगी नाई. हिले घाम कायचा सुटला वो?" तिनं बाहुली बाजूला सारली.

सुलभाताई कडाडल्या, "तुला हात बसवायला सांगितलं होतं ना?"

"ताई, चमक येईन म्हनून…" हुस्नबानोनं बाहुली उचलून परत शेडवर आणली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर गंमतच झाली. "फ्रान्सच्या मेमले वार्निश मारलं बे!" हसणाऱ्यांनी जन्मात मातीचा गोळा हातात घेतला नव्हता, पण खिदळायला सगळे पुढं.

नवरा शाकिर म्हणाला, "देऊन टाक वापस. हात बसवाचा होता, बसवला."

"त्या म्हातारीची पोरगी म्या हिरावली. वापस काय देऊ, डोंबल?"

पोरगी मलिहा मोबाइलवर शोधत होती. "अम्मी, याले बिस्कुट म्हनतात."

"मंग चहात बुडवू का?"

"ऐक ना! तिकडचे कारागीर डोकं, हात, धड अलग साच्यात काढत. ओल्या मातीनं जोडत, सांधे घासत अन् तसंच भाजत. वरून चकाकी देतच नसत. मुद्दाम. कातडीसारखं कोरडं राहावं म्हनून."

हुस्नबानोनं बाहुली उजेडात फिरवून पाहिली. सांधे घासणं तर तिच्या रोजच्या हातातलं. तिची कसर रंगाखाली, वार्निशखाली दडायची; त्या लोकांना झाकायला काहीच नव्हतं. घासण्यात चुकले की चूक उघडी. "लय छातीचे होते बे," ती पुटपुटली.

मग थिनर आणि कापूस घेऊन बसली. गाल, मान लवकर सुटले. केसांच्या बटांत, घागऱ्याच्या चुण्यांत वार्निश चिकटून बसलेलं. तिथं बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून, श्वास रोखून पुसायचं. शेगावचा माल रखडला, दुकानदार फोनवर ओरडला. "थांबाचं असन त थांबा, नाई त दुसरीकडून घ्या," म्हणून तिनं फोन ठेवला. नव्या हातावरचंही तिनं सगळं उतरवलं.

पुन्हा ती सरस्वतीबाईंपुढं बसली. म्हातारीची बोटं गालावरून, बटांवरून, घागऱ्यावरून सावकाश फिरली. मनगटाशी येऊन थांबली.

"हा हात नवा हाय."

"हाव आजी. म्या केला."

"बरा हाय. पर लय मऊ हाय. काम केलेला नाई वाटत." म्हातारी हसली, बाहुली पदरात घेतली. "सुलभा, ताट वाढ वो. या बाईलेबी वाढ."

टपरीवर आजही तो वार्निशचा किस्सा सांगतात, हे जेवण कोणी सांगत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो: मलकापूरला उतरलात तर तुमचं मोडकं हुस्नबानोकडे न्या. आणि तिच्या हातात देण्याआधी, त्या वस्तूला तुमच्या घरात कोण, कसं हात लावतं, तेवढं तिला नीट सांगा.