मला हलका लॅपटॉप हवा होता

अकरा वर्षांची असताना माझी दृष्टी गेली. आता मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि जिल्हाभरच्या शाळांत फिरून अंध मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना शिकवते. आज माळशिरस, परवा अक्कलकोट, पुढच्या आठवड्यात करमाळा. सगळा प्रवास एसटीने, आणि एकटीने. एका हातात पांढरी काठी, एका खांद्यावर डबा-पाण्याची पिशवी आणि दुसऱ्या खांद्यावर ऑफिसने दिलेला लॅपटॉप. तो इतका अगडबंब की त्याचा चार्जरच अर्ध्या विटेएवढा. पण त्याच्याशिवाय माझं चालत नाही. मुलांचे धडे, अहवाल, ईमेल सगळं त्यातच. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यात आहे, हेडफोन लावून मी ऐकते आणि टाइप करते.

गेल्या उन्हाळ्यात माळशिरसच्या स्टँडवर उतरताना त्या बॅगेचा पट्टा दाराच्या दांड्यात अडकला. मी पायरीवरून खाली आले ती गुडघ्यावर, आणि खांद्याला जोराचा हिसका बसला. गुडघा आठवड्यात बरा झाला, खांदा मात्र झाला नाही. डॉक्टर म्हणाले, "ओझं कमी करा, नाहीतर हात वर जायचा बंद होईल."

म्हणून स्वतःचा एक लहान लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. महिनाभर मी त्याचाच विचार करत होते. एसटीच्या सीटवर मांडीत मावेल आणि शेजारच्या बाईला कोपर लागणार नाही एवढाच तो हवा. बटणं बोटांना वेगवेगळी कळली पाहिजेत. हेडफोनची वायर लावायला भोक हवं, कारण बिनवायरच्या हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा येतो, आणि एकेक अक्षर ऐकून लिहिणाऱ्याला तेवढा उशीरही जड जातो. बॅटरी दिवसभर टिकावी. स्क्रीन कसाही चालेल. नसला तरी चालेल.

शनिवारी धाकट्या भावाच्या स्कूटरवरून सात रस्ता चौकाजवळच्या एका मोठ्या दुकानात गेलो. भाऊ बँकेत आहे. माझ्यासाठी त्याने अर्धा दिवस रजा टाकली होती.

"या सर. कुणासाठी बघताय?" विक्रेत्याने विचारलं.

"ताईसाठी," भाऊ म्हणाला.

"मी शिक्षिका आहे," मी म्हटलं. "प्रवासात वापरायला हवाय. तुमच्याकडचा सगळ्यात हलका दाखवा."

मग विक्रेत्याने आवाज खाली आणून भावाला विचारलं, "सर, मॅडमना थोडंफार दिसतं का?"

"नाही. अजिबात नाही."

"मग लॅपटॉप कशाला? साधा मोबाईल दाखवतो की. सोपा पडेल त्यांना."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला दिसत नाही, ऐकू चांगलं येतं. मी पुन्हा म्हटलं, "मला अहवाल लिहायचे असतात. लॅपटॉपच दाखवा." त्याने एक मशीन काढलं आणि भावाला सांगायला लागला, "सर, पंधरा इंचीच घ्या. मोठा स्क्रीन. रंग बघा कसले उठून दिसतात." आणि मग माझं मनगट धरलं. न विचारता. जत्रेत पोराचा हात हत्तीच्या सोंडेला लावतात तसा त्याने झाकण मिटून माझा हात त्यावर टेकवला. "हं मॅडम, लावा हात. सावकाश."

मी हात सोडवून घेतला, झाकण उघडलं आणि बटणं चाचपली. तीन बटणं एकदम दाबली की कुठलाही असला लॅपटॉप स्वतःहून बोलायला लागतो. ती मी दाबली. तो मोठ्याने इंग्रजीत बोलायला लागला.

"सर, मॅडमनी काहीतरी दाबलं बघा," विक्रेता घाईने म्हणाला. "बिघडेल तो." आणि त्याने झाकण लावून टाकलं. माझी बोटं आत होती, ती मी कशीबशी काढली.

यावर भाऊ काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तो बोललाही. "ताई, तू राहू दे. मी बघतो की."

त्या विक्रेत्यासारख्यांचा राग मला रोज कुठे ना कुठे येतोच, त्याला मी सरावले आहे. या वाक्याने मात्र माझे कान तापले. पुढची दहा मिनिटं ते दोघं बोलत होते आणि मी काउंटरला टेकून उभी होते. शेवटी भाऊ म्हणाला, "ताई, पंधरा इंचीच घेऊ या. उद्या विकायचा झाला तर मोठ्याला गिऱ्हाईक मिळतं."

"आपण निघतोय," मी म्हटलं आणि काठी उघडली.

स्कूटरवरून घरी आलो. दारात तो म्हणाला, "चारचौघांत माझा अपमान केलास तू."

"आणि माझा कुणी केला?"

"मी रजा टाकून आलो होतो, ताई."

माझी दृष्टी गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. माझी पाचवीची पुस्तकं तो मला वाचून दाखवायचा. जोडाक्षरांवर अडखळायचा, कंटाळायचा, पण वाचायचा. त्या वाचनामुळे मी शिकले. म्हणून त्याच्यावर रागावायचं तर आधी ते सगळं आठवावं लागतं आणि मगच तोंड उघडता येतं. मला याचाच सर्वांत जास्त संताप येतो. ज्याने आपल्याला वाचून दाखवलं, त्याला आपल्या वतीने बोलायचाही हक्क कायमचा मिळतो का? मी हे त्याला विचारलं नाही. दार लावून घेतलं.

पुढच्या शनिवारी कुणाला न सांगता रिक्षा करून नवी पेठेत गेले. एका बोळात लहानसं दुकान होतं. मालक वयस्कर असावा, सारखा खोकत होता, मराठीला तेलुगूचा हेल होता.

"काय पाहिजे?" त्याने विचारलं. मलाच विचारलं, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

मी सांगितलं. त्याने तीन लॅपटॉप काउंटरवर ओळीने ठेवले. "पहिला पातळ आहे. मधला लई हलका. तिसरा जरा जाड, पण चांगला आहे. बघा तुम्ही." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

मी तासभर बघत होते. पहिल्याची बटणं पाटीसारखी सपाट, कुठलं कुठे संपतं तेच कळेना. मधला पिसासारखा, पण त्याला हेडफोनचं भोक नाही आणि पेनड्राइव्ह लावायला जागा नाही. तिसऱ्याची बटणं खोल, बाणांची बटणं सुटी सुटी. पिशवीत घालून खांद्याला लावून पाहिला, दुकानात चार पावलं चालले. मग ती तीन बटणं दाबली. तो बोलायला लागला.

"आवाज कमी करा की," मालक तिकडून ओरडला. "मी फोनवर आहे."

मी आवाज कमी केला. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्याशी कुणी इतकं नीट बोललं नव्हतं.

"हा द्या," मी म्हटलं.

"त्याचं बंद करायचं बटण डिलीटला चिकटून आहे," तो म्हणाला. "चुकून दाबाल. सगळेच दाबतात."

तो खरं बोलत होता. पहिल्याच आठवड्यात मी अहवालाच्या मधेच तो दोनदा बंद पाडला.

त्यावर मी लिहिलेलं पहिलं पत्र सात रस्त्याच्या दुकानाच्या मालकाला होतं. माझं मनगट कसं धरलं, झाकण कसं लावलं, मी बोलत असताना उत्तरं कुणाला दिली गेली, सगळं लिहिलं. शेवटी माझं नाव आणि माझा फोन नंबर टाकला.

आठ दिवसांनी भाऊ घरी आला. त्या शनिवारनंतर प्रथमच. मग म्हणाला, "त्या दुकानाच्या मालकाचा फोन आला होता. मला. त्या दिवशी तिथे माझा नंबर दिला होता ना."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आमच्यातर्फे मॅडमना सॉरी सांगा."

मी पाणी आणायला उठले. बोलले असते तर ओरडलेच असते.

"मी म्हटलं, पत्र तिने लिहिलंय, तिचा नंबर खाली आहे, तिलाच फोन करा," भाऊ म्हणाला. "तर म्हणाला, तुम्हीच सांगा की सर, एकच आहे. मी म्हटलं, एकच नाही. आणि ठेवला."

मग त्याने विचारलं, "नवा लॅपटॉप बघू का?" मी त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटासुलटा केला, बटणं दाबून पाहिली, काही सुचवलं नाही.

या गोष्टीला दोन महिने झाले. त्या मालकाचा मला फोन आलेला नाही. खांदा बरा आहे.